झालंच समज

सोमवार, बहुधा नऊ तारीख

ताई,

तुझा निरोप येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हटल्यावर तू म्हणाली असशीलच, "विसरली. दुसरं काय!" विसरले नव्हते गं. रोज आठवत होतं आणि रोज राहत होतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुला जन्मात पटायचं नाही, कारण तुझ्या बाबतीत आठवणं आणि करणं ह्यांच्या मध्ये काही नसतंच. माझ्या बाबतीत मध्ये अख्खं घर पसरलेलं असतं.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू बोलतेस, मी हो म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की मी कशाला हो म्हटलं. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही. तेव्हा बस आता गप्प आणि वाच.

दुकानातून लिहितेय. एका बाईंच्या केसांना रंग लावून बसवलंय, तो चढेपर्यंत मला मोकळीक. इथे मी शहाणी असते बरं का. समोर डोकं असलं की माझं डोकं ठिकाणावर येतं. कात्री हातात, माणूस खुर्चीत, काम संपलं की ते उठून जातं. कोण कधी येणार ते मालकीणबाई बघतात. त्या म्हणतात, "तुझा हात सोन्याचा आहे, फक्त तुझ्या हातात घड्याळ देऊ नये."

तर मुद्दा. भिंगरीला तुझ्याकडे पाठवायचं. माझ्या एकुलत्या एका पोरीला, दहा वर्षांच्या. पाचवी संपली की कायमची. तुझ्या घराजवळची शाळा चांगली, तिथे तुझी ओळख, त्यांनी एक जागा धरून ठेवलीय, महिनाअखेरपर्यंत इथल्या शाळेचा दाखला तिकडे पाठवला पाहिजे. सगळं ठरवून झालं तुझं. आणि कळवलंस कुणाला? आधी भिंगरीच्या बाबाला, मग मला. तो तिकडे दूर पूल बांधतोय, महिन्यातून दोन दिवस घरी येतो, आणि त्याला वाटतं संसारही पुलासारखा असतो, आज हा खांब, उद्या तो. तो लगेच म्हणाला, "ताई म्हणतात ते बरोबर आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी म्हणते ते बरोबर आहे असं त्याच्या तोंडून मला अजून ऐकायचंय.

त्याने तुला सांगितलं म्हणे की पोरगी खोटं बोलायला लागलीय. जरा नीट ऐक. वर्गात तीन मुलींना मिळून पाण्याच्या चक्राचा देखावा करायचा होता. एकीकडे ढग, एकीकडे डोंगर, भिंगरीकडे समुद्र. बाई रोज विचारायच्या, "समुद्र झाला का?" ही रोज म्हणायची, "झाला." प्रदर्शनाच्या दिवशी ढग आले, डोंगर आले, समुद्र काही आला नाही. त्या दोघी रडल्या. आता वर्गात हिला सगळे खोटारडी म्हणतात. हे मला हिने सांगितलं नाही. बाईंचा निरोप माझ्या फोनमध्ये येऊन पडला होता, तो मी दोन दिवसांनी वाचला.

मला शुक्रवारी भेटायला बोलावलं होतं. मी शनिवारी गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आज सुट्टी आहे, बाई." मी म्हटलं, "माहीत आहे, सहज आले होते." शाळेच्या फाटकापाशी सुट्टीच्या दिवशी सहज! तोही हसला मेला.

तुझ्यावर मी वर्षभर रागावून आहे, ते अजून तसंच आहे हे लक्षात ठेव. तुझ्या घरी, सगळ्या पाहुण्यांसमोर, भिंगरीच्या एका पायात निळा मोजा आणि एका पायात पांढरा. आणि तू हसत हसत म्हणालीस, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" सगळे हसले. मीही हसले. पोरीने मात्र दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि निघेपर्यंत ती तिथून हलली नाही. ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं.

पाठवणार नाही असं मी म्हणत नाहीये. पाठवीन असंही नाही. बघू. आता बाईंचा रंग धुवायला हवा, नाहीतर त्या काळ्याच्या निळ्या होतील.

तुझी धाकटी


गुरुवार (कॅलेंडर अजून मागच्याच महिन्यावर आहे, तारीख तूच घाल)

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "भावनेच्या भरात मुलीचं नुकसान करू नकोस." दोन ओळींत तू जे बोलतेस ना, त्याला मला दोन पानं लागतात.

भेटले बाईंना. खास दिवस मागून घेतला आणि मालकीणबाईंना सांगितलं की मला ढकलून बाहेर काढा. त्यांनी खरंच ढकललं.

बाई माझ्यापेक्षा लहान आहेत वयाने. मी तावातावानेच सुरुवात केली. म्हटलं, "माझी मुलगी खोटारडी नाही. आमच्या घरात बोलण्याची पद्धतच तशी आहे." आणि मग समजावून सांगितलं त्यांना. आमच्याकडे कुणी विचारलं, चहा झाला का, तर उत्तर असतं, झालाच. तेव्हा पाणी अजून नळात असतं. निघालीस का? निघालेच. तेव्हा मी टॉवेलात असते. आलेच, दिलंच, केलंच, झालंच समज. आमच्या घरात सगळं होऊन गेलेलं असतं आणि काहीही झालेलं नसतं. पोरगी ते ऐकत ऐकत बोलायला शिकलीय. शाळेत जाऊन तिने फक्त तो 'च' गाळला!

बाई खूप हसल्या. मलाही वाटलं, चला, जिंकली लढाई. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि खरंच झालेलं असलं, तर तुमच्या घरी काय म्हणतात?"

ताई, मी आठवून आठवून पाहिलं. आमच्या घरात खरंच झालेल्या गोष्टीला शब्दच नाही.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. रागावून नाही, तेच तर वाईट. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. दप्तर कधी भरता? सकाळी, हाताला लागेल ते. उद्या काय आहे हे तिला कसं कळतं? उद्या आल्यावर. एखाद्या कामाला किती वेळ लागेल ह्याचा अंदाज? मी म्हटलं, "कुणाला, तिला?" तर म्हणाल्या, "तुम्हाला." मी आपली पोरीबद्दल उत्तरं द्यायला गेले होते, आणि प्रत्येक उत्तर माझ्याच नावाचं निघत होतं.

शेवटी म्हणाल्या, "तुम्ही लहान असताना तुमचं दप्तर कोण भरायचं?"

"ताई."

"आणि उठवायचं कोण?"

"ताई."

"मग ते करायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

मी चिडले. म्हटलं, आईच्या मागे ताईने मला वाढवलं, तिचं काही काढायचं नाही. त्यांनी काही काढलंही नाही. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. मला सकाळी डोळे उघडल्यावर दप्तर भरलेलंच दिसायचं, वेणीची रिबीन उशाशी, डबा दाराशी. मला वाटायचं दप्तरं रात्रीतून आपोआप भरतात. तुझ्या डोक्यात काय चालायचं ते तू कधी मोठ्याने बोललीच नाहीस. लग्न झाल्यावर पहिल्या सोमवारी मी उठून दाराकडे पाहिलं आणि तिथे काहीच नव्हतं.

बाईंचं म्हणणं असं की मुलीला उद्याचा विचार करायला शिकवायचा, तर कुणीतरी तिच्या शेजारी बसून तो मोठ्याने करायला हवा. रोज संध्याकाळी, दप्तर रिकामं करून. बोलायला सोपं आहे. स्वतःला पोहता येत नाही त्या बाईला पाण्यात उतरवायचं आणि म्हणायचं, पोरीला शिकव. दोघी बुडणार नाहीतर काय! आणि काठावर ताई उभी, टॉवेल घेऊन.

मला कोंडल्यासारखं झालंय, ताई. हे घरच असं आहे की जिकडे जावं तिकडे मीच आडवी येते.

धाकटी


मंगळवार, दुकान बंद असण्याचा दिवस

ताई,

सांगू का काय काय केलं? हसू नकोस.

पहिल्या दिवशी दोघींनी मिळून वेळापत्रक करायचं ठरवलं. रंगीत कागद आणला, पट्टीने रेघा मारल्या, कडेने वेलबुट्टी काढली, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. इतकं देखणं झालं की काय सांगू! त्यात संध्याकाळ गेली आणि गृहपाठ राहिला. मग ते कुठे लावायचं ह्यावर वाद झाला, म्हणून तात्पुरतं कपाटावर ठेवलं. ते आता कपाटामागे आहे. कपाट हलत नाही.

मग फोनला गजर लावला. तो वेळेवर वाजायचा, मी "हो रे बाबा, हो" म्हणून बंद करायची. दोन दिवस मात्र खरंच दप्तर भरलं. दोन्ही दिवशी मला वाटलं, सुधारलो आपण! आणि मग ये रे माझ्या मागल्या.

काल सकाळी तिचा एक बूट सापडेना. गाडी खाली येऊन थांबलेली, चालक हॉर्न वाजवतोय, वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत. मी ओरडायला लागले. अगं, तुझ्या आवाजात ओरडले! "एवढी मोठी झालीस, एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही?" हे शब्द माझे नाहीतच. ती भिंतीला टेकून उभी. गाडी गेली. मग ती हळूच म्हणाली, "आई, बूट तुझ्या हातात आहे."

होता माझ्या हातात. ओरडताना मी तोच नाचवत होते.

दुपारी तुझं पाकीट आलं, टेबलाच्या फोटोसकट. खिडकीपाशी टेबल, त्याला खण, प्रत्येक खणावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी. वह्या. रंग. उद्याचं. "उद्याचं" असा खणच असतो तुझ्याकडे! भिंगरीने फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

मी विचारलं, "जायचंय तुला मावशीकडे?"

म्हणाली, "तिथे सगळं सापडेल ना?"

"सापडेल की."

"मग तुला माझ्यावर ओरडायला लागणार नाही."

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला, आणि बादली भरून पाणी बाहेरच्या खोलीत आलं तेव्हा भिंगरीने दार वाजवलं, "आई, नळ!"

तिच्या बाबाचा फोन आला. त्याला म्हटलं, मला अजून थोडा वेळ दे. तो म्हणाला, "तुला स्वतःला आवरता येत नाही, तू तिला काय आवरणार? तुझं प्रेम आहे हे मान्य, पण प्रेमाने दप्तर भरत नाही. दाखला काढ." आणि दोन मिनिटांनी परत, "काढतेस ना?"

मी म्हटलं, "काढलाच."

बघ आता.

धाकटी


रविवार, सकाळ (हो, सकाळ, मी उठलेय)

ताई,

एक गंमत झालीय, ती सांगायलाच हवी. तुझ्याशिवाय सांगणार तरी कुणाला? आपलं भांडण आहे ते असू दे बाजूला.

बुधवारी दुपारी मी भिंगरीला घेऊन वर आले आणि दोघी दारात उभ्या राहिलो. मला वाटलं किल्ली तिच्याकडे, तिला वाटलं माझ्याकडे. किल्ली आत. दुसरी किल्ली मालकीणबाईंकडे, त्या वरच्याच मजल्यावर राहतात, पण दुकान बंद करून संध्याकाळी येणार. दोघी जिन्यात बसलो. फोनची बॅटरी संपलेली, ते तर काय, ठरलेलंच. तिच्याकडे दप्तर, माझ्याकडे पिशवीत कंगवे. करायला काही म्हणजे काहीच नाही.

थोड्या वेळाने तिने वही काढली. मी शेजारी बसले. एक गणित झालं, दुसरं झालं. उठून जायला खोली नव्हती. मध्येच उघडायला कपाट नव्हतं. पाणी पिऊन येते म्हणायला पाणी नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळा गृहपाठ संपला, मग आम्ही दप्तर रिकामं केलं, त्यातून काय काय निघालं ते विचारू नकोस, आणि उद्याचं भरून ठेवलं. मालकीणबाई किल्ली घेऊन आल्या तेव्हा भिंगरी ओरडली, "थांबा हो, शेवटची ओळ राहिलीय!"

मला एकदम दुकानातली खुर्ची आठवली. समोर एकच डोकं, आजूबाजूला पसारा नाही. मला जमतं ते असंच जमतं, ताई. पोरगीही माझीच. तिला खणांचं टेबल नको, तिला रिकामा जिना हवा!

तर आता रोज संध्याकाळी आम्ही दार ओढून घेतो, किल्ली आठवणीने गळ्यात, आणि जिन्यात बसतो. शेजाऱ्यांना वाटतं नवऱ्याने घराबाहेर काढलंय. खालच्या आजोबांनी तर हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना, बाई?" मी म्हटलं, "अभ्यास चाललाय." ते म्हणाले, "तसं का होईना." रोज जमतं असं नाही. मध्ये एक दिवस गेलोच नाही, कारण किल्ली गळ्यात घालायची म्हणून दोरी शोधत बसले.

आणि आणखी एक. जिन्यात बसून आम्ही एक शब्द ठरवलाय. झालं नसेल तर सरळ म्हणायचं, "नाही झालं." आणि समोरच्याने रागवायचं नाही. दोघींनाही हाच नियम. परवा वर्गात बाईंनी विचारलं आणि भिंगरी उभी राहून म्हणाली, "नाही झालं." मुलं हसली. बाई म्हणाल्या, "कधी होईल?" ही म्हणाली, "उद्या, जिन्यात." घरी येऊन मला सांगताना कान लाल झाले होते पोरीचे. मला इतका आनंद झाला की तिचा पहिला नंबर आला असता तरी झाला नसता.

आता जे सांगतेय त्याने तू चिडशील. चीड. तुझ्या लेकाचा फोन आला होता. त्याने सांगितलं होतं, आईला कळू देऊ नकोस. मी सांगतेय, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यालाही माहीत आहे. एवढा बावीस वर्षांचा घोडा, परक्या शहरात शिकायला गेलाय, आणि त्याला रोज सकाळी तू फोन करून उठवतेस. गेल्या महिन्यात तुला ताप होता त्या दिवशी तुझा फोन गेला नाही. त्या दिवशी त्याचा पेपर होता, ताई. तो झोपून राहिला. तुला त्याने सांगितलं पेपर अवघड होता. अवघड कसला, त्याने तो पाहिलाच नाही.

तो रडत होता. म्हणाला, "मावशी, माझ्या डोक्यात आईचं घड्याळ आहे, माझं नाहीच." मला वाटलं हे माझंच वाक्य कुणीतरी मला वाचून दाखवतंय.

तुला दुखवायला लिहीत नाहीये. थोडं दुखवायलाही लिहितेय, आड आणि पोहऱ्याचं मी अजून विसरले नाही. पण मला खरंच कळत नाही. माझ्याजवळ ठेवली तर पोरगी माझ्यासारखी पसरणार. तुझ्याजवळ ठेवली तर नीटनेटकी होणार, आणि तुझा हात निघाला की माझ्यासारखीच पसरणार. दोन्हीकडे भिंत. मधल्या जिन्यात आम्ही दोघी.

धाकटी


तीस तारीख. शाळेच्या फळ्यावर पाहून खात्री केलीय.

ताई,

तुझ्या लेकाबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. फक्त, "दाखला आजच्या आज पाठव, जागा जाईल." त्यावरून मला कळलं तुला किती लागलंय. माफी मागत नाही, पण वाईट वाटलं.

आज मी शाळेत गेले. वेळेवर गेले, कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभी होते. कारकून बाईंनी मला वर-खाली पाहिलं. दाखला तयारच होता, भिंगरीच्या बाबाने फोन करून सांगून ठेवलं होतं. त्यावर भिंगरीचं वय, इयत्ता, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण, पालकांचं स्थलांतर. पालकांचं! मी तिथेच तर उभी होते. फक्त माझी सही राहिली होती.

पेन हातात घेतलं आणि मी पहिल्यांदा, तुझी शपथ, पहिल्यांदाच पुढचा विचार केला. सगळा, ओळीने. तू तिला सकाळी उठवशील. रिबीन उशाशी, डबा दाराशी. "उद्याचं" खण तू भरशील, कारण तुला राहवणारच नाही, तुझे हात तसेच आहेत. तिला कधी "नाही झालं" म्हणायची वेळच येणार नाही, कारण तुझ्या घरात सगळं झालेलंच असतं. खरंखुरं झालेलं. आणि मग ती बावीस वर्षांची होईल, आणि तू एखाद्या दिवशी आजारी पडशील.

आणि हे सगळं मोठमोठं खरं असलं तरी त्याच्या खाली एक साधी गोष्ट आहे, तीही लिहिते. मला भिंगरी हवी आहे. तिच्याशिवाय त्या घरात मी नुसतीच पसरलेली बाई आहे.

पेन खाली ठेवलं. बाईंना म्हटलं, "दाखला नको. ती इथेच शिकणार आहे." त्या म्हणाल्या, "मुलीच्या बाबांना विचारलंत का?" मी म्हटलं, "नाही विचारलं." आणि बाहेर आले. माझी आजवर हजार कामं राहिली, ताई. हे राहिलं नाही, हे मी ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट ठरवून केली नाही.

पाय हलके झाले होते. वाटलं, घरी जाऊन पोरीला सांगू, तू मला हवी आहेस, आजवर तिला कुणी सांगितलं नसेल इतक्या मोठ्याने सांगू.

दार उघडलं तर भिंगरी पलंगावर बसलेली, आणि शेजारी पिशवी. मावशीकडे जायची. कपडे घडी करून, मोजे जोडीजोडीने एकात एक घालून, रंगाची पेटी रबरबँड लावून. आणि कागदाचे चौकोन कापून त्यांवर लिहिलेलं, वह्या, रंग, उद्याचं. खणांवरच्या तुझ्या चिठ्ठ्या पडल्या तर असाव्यात म्हणून दुसऱ्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नव्हतंच. पोरीने उभ्या जन्मात वेळेआधी काही तयार ठेवलं असेल तर ते हे.

"आणला दाखला?"

मी म्हटलं, "नाही आणला."

तिने तारीख विचारली. मग म्हणाली, "आज शेवटचा दिवस होता ना?"

"हो."

"विसरलीस?"

"नाही गं. मी गेले होते. मी ठरवून आणला नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला ते खरं वाटेना. कसं वाटणार, तिने मला काही ठरवताना कधी पाहिलंय? उठून जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, विसरली असशील तर विसरले म्हण ना. आपलं ठरलंय. मी नाही रागावणार."

मी तिला समजावून सांगणार होते. तू, तुझा लेक, उशाशी रिबीन, सगळं तोंडाशी आलं होतं. पण तसं सांगितलं असतं, तर ते टेबल तिच्यापासून मी काढून घेतलं असं झालं असतं. विसरले म्हटलं की कुणीच काही काढून घेतलेलं नसतं. नुसतं राहून गेलेलं असतं.

मी म्हटलं, "विसरले."

ती खरंच रागावली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "होतं असं." मग पलंगावर बसून तिने पिशवीतले मोजे बाहेर काढले आणि एकेक जोडी सोडवायला लागली.

भिंगरीच्या बाबालाही मी तेच सांगणार आहे. त्याला लगेच पटेल. तुला मात्र खरं लिहिलंय, आणि तुलाही ते खरं वाटणार नाही हे मला माहीत आहे.

ते टेबल कुणाला तरी देऊन टाक.

धाकटी